सड्यावरचा वणवा, फिरणारा वारा आणि घर सोडायला तयार नसलेले बाबा

सड्याखालची:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. आमचं घर राजापूर तालुक्यात, वाडीतलं अगदी शेवटचं. मागच्या दगडी गडग्यापलीकडे काजूची बाग, बाग संपली की घाटी, आणि घाटी चढली की सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ. सड्याच्या पलीकडे समुद्र. म्हणजे सडा आमच्या पश्चिमेला. आईबाबा दोघंच असतात, बाबा ७४ वर्षांचे, आईचे गुडघे गेलेत. मी डोंबिवलीला, भाऊ पुण्याला.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी कोणीतरी सड्यावर गवत पेटवलं. सकाळी नऊला धूर दिसत होता पण तो समुद्राकडे जात होता, म्हणून बाबा म्हणाले वारा पलीकडचा आहे, इकडे काय येत नाही, आणि पेज जेवून अंगणात सुपारी कातरत बसले. साडेबाराला आईला चुलीतल्या धुराचा वास वेगळा वाटला, मागचं दार उघडून बघते तर बागेच्या वरच्या अंगाला कडकड आवाज चालू. मांगर, म्हणजे बागेतली खोपी, गेला, त्यात दोन वर्षांची लाकडं, ठिबकचे पाइप, फवारणीचा पंप सगळं होतं. काजूची ४० एक झाडं गेली, ऐन मोहोरात. आग गडग्यापाशी थांबली, मागच्या दारापासून तीस पावलांवर. बाबा भिजवलेलं गोणपाट घेऊन मारत होते, उजव्या हाताला भाजलं. बंब आला पण तो डांबरी रस्त्यापर्यंतच, पुढे पाखाडी, दगडी पायवाट.

आता परत गवत वाळलंय आणि मला झोप नाही. दोन प्रश्न आहेत. एक, आत्तापासून काय करून ठेवायचं. दोन, आणि हा जास्त महत्त्वाचा, घर कधी सोडायचं हे ठरवायचं कसं? कारण बाबा निघायला तयारच नाहीत. तौक्तेच्या वेळी, २०२१ च्या मे महिन्यात, सांगितल्यावर गुमान शाळेत जाऊन बसले होते. आगीचं म्हटलं की म्हणतात, पाणी आलं तर माणूस निघतो, आगीला पाठ दाखवून चालत नाही, घर जातं.

कलमवाला देवगड:
ताई, बाबांचं अर्धं बरोबर आहे म्हणून जास्त पंचाईत.

आधी वाऱ्याचं सांगतो कारण तुमची सगळी गोष्ट त्यातच आहे. आपल्याकडे रात्री आणि सकाळी मतलई असते, जमिनीवरून समुद्राकडे. दुपार व्हायला आली की खारा वारा सुरू होतो, समुद्रावरून जमिनीकडे. दर्यावर जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही पण बागायतदार विसरतात. सकाळी धूर समुद्राकडे जातोय म्हणजे आग समुद्राकडे जातेय, बरोबर, पण अकरा-बाराला वारा फिरला की तोपर्यंत जी आगीची लांबच लांब कूस, म्हणजे बाजू, होती तीच एकदम तोंड होते. सकाळी पन्नास फुटांचं तोंड असतं ते दुपारी अर्धा किलोमीटर होतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

जाळपट्टा काढा. गवत अजून थोडं ओलसर असताना, म्हणजे खरं तर डिसेंबर-जानेवारीतच, पण आता राहिलंय तर आत्ता. बागेच्या वरच्या अंगाला निदान १५-२० फूट ग्रासकटरने साफ, आणि नुसतं कापून तिथेच टाकू नका, कापलेलं गवत उचला नाहीतर वाळून तेच जळतं (हे मी स्वतः केलंय, एक वर्ष मजुरी वाया गेली). जाळून पट्टा करायचा असेल तर पहाटे दवात, दोन्ही बाजूंनी आधी कापून घेऊन, चार माणसं आणि पाण्याचं बॅरल जवळ ठेवून, आणि वारा पडलेला असताना. एकट्याने कधीच नाही. बाबांनी तर नाहीच नाही.

झाडाखालचा पातेरा, म्हणजे सुकी पानं, बुंध्यापासून ओढून घ्या. काजूचा पातेरा भयंकर जळतो. खत म्हणून आळ्यात आच्छादन करता ते ठीक, पण फेब्रुवारीनंतर वरच्या दोन-तीन ओळींत नको.

आणि विम्यावर भिस्त ठेवू नका. आंबा-काजूचा हवामानावरचा विमा पाऊस, तापमान, वारा याच्या आकड्यांवर चालतो. वणव्यानंतर पंचनामा लगेच करून घ्या, फोटो तारखेसकट, झाडं मोजून.

घाटीवरचा:
एक बोलू का, सगळे वणवा वणवा करून बोंबलतायत पण सड्यावरचं गवत पूर्वीपासून जाळतात. जुनं जळलं की नवीन फूट लुसलुशीत येते, गुरं खातात. भाजावळ पण बंद करणार का आता? नाचणी-वरीच्या रोपांसाठी राब भाजायला नको? गावात न राहणाऱ्यांनी डोंबिवलीतून शिकवू नये.

कलमवाला देवगड:
@घाटीवरचा, भाजावळीला कोण नाही म्हणतंय. भाजावळ बांधाच्या आत, कवळ, म्हणजे तोडलेल्या फांद्या-पानं, पसरून, माणूस शेवटपर्यंत उभा राहून करतात. सड्यावर काडी टाकून घरी जातात तिला भाजावळ म्हणत नाहीत.

आणि पूर्वीपासून म्हणता तर पूर्वी सड्यावर गुरं किती होती ते पण सांगा. आमच्या लहानपणी दिवाळीनंतर गवत कापायला अख्खी वाडी सड्यावर, शाकारणीला लागायचं, गुरांना लागायचं, उडव्या लागायच्या दारात. फेब्रुवारीत सडा बोडका. जाळायला होतंच काय? आता गुरं नाहीत, गवत कापायला माणूस नाही, सगळे मुंबईला, कंबरभर गवत मे पर्यंत उभं. तीच काडी पण आग तीच नाही राहिली.

घाटीवरचा:
गुरांचं खरं आहे. आमच्या वाडीत ६० होती, आता ७. पण शिकारवाले पेटवतात डुक्कर बाहेर काढायला त्यांना कोणी काही बोलत नाही, नाव गुराख्याचं.

गुहागर ते पॅसडीना:
ताई तुमचं वाचून राहवलं नाही. मी मूळची गुहागरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात होते, लॉस एंजेलिसजवळ पॅसडीनाला, आता सहा महिने झाले परत आलोय. ७ जानेवारी २०२५ ला जो ईटन वणवा लागला तो आमच्या वरच्या डोंगरात. सकाळी पॅलिसेड्सचा समुद्राकडे लागलेला, आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास आमच्याकडचा. दोन्ही मिळून १६ हजारांवर घरं-इमारती गेल्या आणि ३० च्या वर माणसं.

तिकडचा जो वारा आहे ना, सांता आना म्हणतात त्याला, त्याबद्दल वाचल्यावर मला आपला मार्च महिनाच आठवला. आत वाळवंटाच्या पठारावरून हवा निघते आणि डोंगर उतरून समुद्राकडे येते. हवा खाली उतरताना दाबली जाते आणि तापते, हजार मीटरला साधारण दहा डिग्री, आणि तापली की कोरडी ठणठणीत. आपल्याकडे पण मार्चमध्ये काही दिवस पूर्वेचा वारा घाटावरून उतरतो, खारा वारा यायला उशीर होतो आणि रत्नागिरीला पारा चढतो, ओठ फुटतात, तो प्रकार तोच, फक्त जोर खूप कमी. तिकडे त्या रात्री डोंगरमाथ्यावर ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास झोत होते. आणि आधीची दोन वर्षं पाऊस चांगला झालेला, झुडपं माजलेली, मग आठ महिने धड पाऊस नाही. आपल्याकडे दरवर्षीच असं, चार महिने मुसळधार, गवत कंबरभर, आणि मग कातळावर पाणी ठरत नाही म्हणून जानेवारीत सगळं कोरडं ठाक.

आता जे मला तिकडे कळलं आणि आधी कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. घर आगीच्या भिंतीने पेटत नाही, बहुतेक वेळा ठिणगीने पेटतं. वाऱ्यात निखारे किलोमीटरभर पुढे उडतात आणि पन्हळीतल्या सुक्या पानांत, पायरीजवळच्या पायपुसण्यात, छपराच्या फटीत जाऊन बसतात. आग रस्त्यापलीकडे असते आणि तुमचं घर आतून पेटलेलं असतं. म्हणून घराला लागून पहिले पाच फूट जळणारं काहीही नको, त्याला तिकडे झोन झिरो म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मागच्या पडवीतली लाकडं, भिंतीला टेकवलेल्या झापा, माळ्यावरचा पेंढा, कौलांवर साचलेला आंब्याचा पातेरा. चिऱ्याची भिंत जळत नाही, पण कौलाखालचे वासे आणि रिपा जळतात.

माझी आई तेव्हा आमच्याकडे आलेली. मी पासपोर्ट शोधतेय, नवरा गाडी काढतोय, आणि ही बाई टॉर्चच्या उजेडात पायऱ्या झाडतेय. मी ओरडले, आई चल, तर म्हणाली पातेरा दारात ठेवून जायचं नाही. तेव्हा मला रडू आलं वैतागाने. नंतर तिकडच्या एका माहितीपत्रकात तेच वाचलं, दाराजवळची पानं झाडा. आमची बिल्डिंग वाचली, ती काय तिच्या झाडण्याने नाही, वारा थोडा तिरका गेला म्हणून, पण तिला हे पटवणं अशक्य आहे, गुहागरात सगळ्यांना सांगून झालंय.

बाबांचं निघण्याबद्दल. तिकडे दोन पायऱ्या असतात, आधी इशारा म्हणजे तयारीत राहा, आणि मग ऑर्डर म्हणजे निघाच. म्हातारी माणसं, लहान मुलं, जनावरं यांनी इशाऱ्यालाच निघायचं असतं. पण आमच्या शेजारच्या अल्टाडेना गावाच्या पश्चिम भागात ऑर्डर पहाटे तीननंतर आली, तोवर तिथे घरं पेटलेली होती, आणि ईटनमध्ये गेलेली बहुतेक माणसं त्याच भागातली, बरीचशी वयस्कर. विमानं रात्री वाऱ्यामुळे उडूच शकली नाहीत. पॅलिसेड्समध्ये एकाच रस्त्यावर सगळे अडकले, लोक गाड्या टाकून चालत निघाले आणि नंतर बुलडोझरने गाड्या बाजूला सारून बंबांना वाट केली. एवढी यंत्रणा असलेल्या गावात हे. म्हणून सांगते, कोणीतरी सांगेल मग निघू हे धरून बसू नका. आपली खूण आपण ठरवायची. तुमच्याकडे ती खूण आग किती जवळ आहे ही नाहीच, वारा फिरला का ही आहे.

माळावरचो:
बाय, वायच उशिरान लिवतंय. माझो मुद्दो येकच. वणवो इझवूक जातत ती माणसा सरळ तोंडाक भिडतत, तसा करू नये. आमचो आजो सांगी, वणव्याच्या कुशीत मारूचा, तोंडाक न्हय. म्हणजे जळान गेलेल्या बाजूसून सुरवात करूची, एक पाय काळ्यात ठेवूचो आणि मारीत मारीत फुडे जावचा. काळ्यात आग परत येवची नाय, पळूचा झाला तर थंयच पळूचा. आणि आग खाली आसताना घाटयेच्या वर उभ्या रवान मारूक जाव नको, आग चढणीक धावता, माणूस तितको धावूक शकना नाय. टाळ, म्हंजे पानांचे फांदये, हिरवे घेवचे, आणि आपटूचे नाय, दाबूचे. आपटलास तर ठिणगे फुडे उडतत आणि दुसरीकडे पेटता. तुझ्या बापाशीन गोणपाट घेतलेला ता बरोबरच, पण ७४ वर्साच्या माणसान न्हय.

कलमवाला देवगड:
+१. चढाचं अगदी खरं. उतार दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असं धरतात. आमच्याकडे एकजण घाटीच्या तोंडाशी उभा राहून मारत होता, दोन मिनिटांत भुवया गेल्या. वाचला.

सड्याखालची:
बापरे, सगळ्यांचे आभार. वारा फिरण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल फोनवर बाबांना विचारलं तर म्हणाले, मला शिकवतेस का मतलई, माझा बाप मचव्यावर होता. मग म्हटलं त्या दिवशी का सुपारी कातरत बसलात. फोन आईकडे दिला त्यांनी.

पण खरी अडचण वेगळी निघाली. गाय. गाभण आहे. आई म्हणते बाबा गायीला सोडून हलणार नाहीत, आगीबिगीचं सगळं नुसतं बोलायचं आहे. गायीला पाखाडीने खाली नेणं म्हणजे अर्धा तास.

शिवाय धुराचं विचारायचं राहिलं, आईला दमा आहे.

खारेपाटणची नर्स:
आधी धूर. आईंना पहिल्या धुरालाच हलवा, आग दिसायची वाट बघू नका. ओला रुमाल तोंडाला बांधतात त्याने राख आणि थोडी धग अडते, बारीक धूर अडत नाही, त्याला एन ९५ मास्कच लागतो, कोविडमधले घरात पडले असतील तर बघा इलास्टिक धड आहे का. काजूची बाग जळते तेव्हा धूर जास्तच झोंबतो, बीच्या टरफलात तेल असतं ते जळतं. इनहेलर एक घरात आणि एक निघायच्या पिशवीत, आणि पिशवी पुढच्या दाराजवळ, कपाटात नाही.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. घड्याळ लावून. हळद, टूथपेस्ट, शाई काही नको. बाबांच्या हाताला काय लावलं होतं गेल्या वेळी?

सड्याखालची:
कोलगेट 🙈

खारेपाटणची नर्स:
वाटलंच.

घाटीवरचा:
गायीचं मी सांगतो. मगाशी तिरसट बोललो त्याची भरपाई समजा.

आग आल्यावर गायीला न्यायला गेलात तर ती येत नाही. गोठ्यातून ओढून बाहेर काढली तर घाबरून परत गोठ्यातच शिरते. म्हणून धूर दिसला त्या दिवशी सकाळीच, मतलई चालू आहे तोपर्यंत, तिला खालच्या मळ्यात नेऊन बांधायची, जिथलं भात कापून झालंय, नुसती ढेकळं, जळायला काही नाही. रोज त्या वाटेने एकदा न्या म्हणजे पायाला सवय होईल. आणि अगदीच वेळ नाही मिळाला तर दावं कापायचं, सोडायला बसायचं नाही. गोठ्याच्या मेढीला एक कोयती कायमची अडकवून ठेवा. आमच्या शेजारच्या वाडीत एक वासरू दाव्यालाच गेलं. मी ते बघितलंय म्हणून सांगतो, बाकी काही नाही.

गुहागर ते पॅसडीना:
@घाटीवरचा, हे सगळ्यात कामाचं बोललात. तिकडे पण किती लोक घोड्यांसाठी आणि कुत्र्यांसाठी मागे थांबले. जनावर आधी हललं की माणूस आपोआप हलतो.

कलमवाला देवगड:
फोनचं राहिलं. ११२ किंवा १०१, आणि वन विभागाचा १९२६. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे अलर्ट फुकट पाठवतं, नाव नोंदवलं की मोबाइलवर येतात. डोंबिवलीत बसून तुम्हाला तेवढं करता येईल. पण त्यावर विसंबू नका, उपग्रह दुपारी दीडच्या आसपास एकदा आणि रात्री तसाच एकदा डोक्यावरून जातो, मधल्या वेळेत लागलेली आग त्याला तेव्हा दिसत नाही. तुमची आग साडेबाराला दारात होती. त्यापेक्षा सड्यावर ज्याचं रोजचं जाणंयेणं आहे अशा एकाचा नंबर घ्या.

सड्याखालची:
तीन आठवड्यांनी लिहितेय. चार दिवस सुट्टी टाकून जाऊन आले, भाऊ पण आला. बागेच्या वर पट्टा काढला, २० फूट ठरवलेला, काही ठिकाणी कातळ वर आलाय तिथे काही करावंच लागलं नाही, करवंदीच्या जाळ्यांनी मात्र जीव काढला. मागच्या पडवीतली लाकडं सगळी न्हाणीघराच्या पलीकडे, आई अजून चिडलीय कारण चूल पेटवायला तेवढं चालत जावं लागतं. कौलांवर भाऊ चढला, पन्हळीतून चार टोपल्या पातेरा निघाला आणि एक जुना चेंडू, त्याचाच, सातवीतला. गोठ्यात कोयती अडकवली. बॅरल दोन, भरलेली. गाय रोज सकाळी मळ्यात जाते, पहिले दोन दिवस वाटेत बसली, आता जाते.

बाबांनी निघायचं अजून कबूल केलेलं नाही. पण त्यांनी स्वतःहून एक केलं, मला न विचारता. अंगणाच्या टोकाला बांबू रोवून त्याला जुन्या लुंगीची पट्टी बांधलीय, निळी, आणि रोज सकाळी पट्टी कुठे उडते ते बघत बसतात. मी आपली गेल्या आठवड्यापासून ऑफिसात असते आणि जेवणाच्या आधी फोन येतो, हॅलो नाही काही नाही. सोमवारी, "आज साडेअकराला फिरला." बुधवारी, "आज अजून नाही, घाटावरचाच आहे, गरम आहे फार." काल सव्वाएकला फोन आला, फिरला म्हणाले, आणि मग जरा थांबून, "सड्यावर धूर होता सकाळी. बारीकच. गायीला खाली ठेवलीय, तुझ्या आईला पण."